सदाशिवरावभाऊ आणि पानिपतचा जमाखर्च

पेठेत एखाद्या व्यापाऱ्याची पेढी बुडाली म्हणजे त्याचे पानिपत झाले असे आपण म्हणतो. एका जागेसाठी पन्नास उमेदवार धावले म्हणजे त्यांस भाऊगर्दी म्हणतो. हे शब्द रोज आपल्या तोंडी असतात, पण ज्या पुरुषाच्या आयुष्यातून ते आपल्या भाषेत आले त्याच्या आयुष्याचा शांतपणे विचार करण्याची सवड आपणांस क्वचितच होते. तो पुरुष म्हणजे चिमाजीअप्पांचे चिरंजीव सदाशिवरावभाऊ. पेणकरांस त्यांच्याविषयी उदासीन राहण्याचा तर मुळीच अधिकार नाही. भाऊंच्या द्वितीय पत्नी पार्वतीबाई ह्या पेणच्या कोल्हटकर घराण्यातल्या. अर्थात् पानिपतावर पडलेला सेनापती हा ह्या गावचा जावई होता, आणि त्या दिवशी जिचे कुंकू संशयात पडले ती ह्या गावची माहेरवाशीण होती.

भाऊंविषयी आमच्या लोकांत दोन पक्ष चालत आले आहेत. एक पक्ष सर्व दोष त्यांच्या हेकटपणावर टाकून मोकळा होतो. दुसरा पक्ष संक्रांतीच्या सुमारास दोन आसवे गाळतो आणि दैवाकडे बोट दाखवितो. आमचे मते दोन्ही पक्ष एकच चूक करतात : ते खाते उघडून पाहत नाहीत. आमचे बहुतेक वाचक रोज कीर्द व खतावणी लिहिणारे आहेत. तेव्हा व्यापारी बुडीत खात्याकडे पाहतो त्या दृष्टीने ह्या आयुष्याकडे पाहावे, असे आम्ही योजिले आहे.

सदाशिवरावांचा जन्म सन १७३० च्या ऑगस्ट महिन्यात झाला. आई रखमाबाई त्यांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत वारल्या. सन १७३९ मध्ये वसई घेऊन उत्तर कोकणातून फिरंग्यांचा अंमल उठविणारे त्यांचे वडील चिमाजीअप्पा पुढल्याच वर्षाच्या अखेरीस निवर्तले. दहा वर्षांच्या ह्या पोरक्या मुलास आजी राधाबाईंनी वाढविले. रामचंद्रबाबा शेणवी ह्या कसलेल्या कारभाऱ्याच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. जमाबंदी, पत्रव्यवहार, फौजेचा खर्च, सावकारांचे देणे ह्या गोष्टी ते तरुणपणीच आत्मसात करून बसले. चुलतबंधू नानासाहेब पेशवे यांच्या दरबारी दप्तर इतक्या काटेकोरपणे पाहणारा दुसरा पुरुष नव्हता. हिशेबात चूक सापडली असता ते लहानमोठा पाहत नसत. हा गुण फार मोठा होय. परंतु जो मनुष्य दुसऱ्याची चूक लपवीत नाही त्यास मित्र थोडे मिळतात, हेही तितकेच खरे.

त्यांची पहिली स्वारी सन १७४६ मध्ये कर्नाटकात झाली. तेथे त्यांनी बहादूरबिंडा किल्ला घेतला व सावनूरच्या नबाबास वठणीवर आणिले. सन १७५० मध्ये यमाजी शिवदेव याने सांगोल्यास बंड उभारिले तेव्हा ते मोडून भाऊंनी तेथेच रामराजांकडून राज्यकारभाराची सूत्रे पेशव्यांकडे घेतली. त्याच सुमारास घरात तेढ पडली. भाऊंस कारभारात अधिकाराचे पद हवे होते. ते मिळेना, तेव्हा कोल्हापूरकर छत्रपतींची पेशवाई पत्करण्यापर्यंत त्यांची मजल गेली. शेवटी महादोबा पुरंदऱ्यांनी जागा सोडली, भाऊ पुण्याचे कारभारी झाले आणि घर फुटावयाचे वाचले. घरची माणसे एकमेकांचे गुण ओळखतात, पण वेळेवर त्यांचा मान राखीत नाहीत. ह्या आमच्या जुन्या रोगाचे पहिले लक्षण येथे दिसते.

दुसरे लक्षण रघुनाथरावांच्या उत्तरेच्या स्वारीनंतर दिसले. सन १७५८ मध्ये मराठी घोडी अटकेपर्यंत गेली आणि त्या पराक्रमाचा डंका देशभर वाजला. पण दादासाहेब परतले ते लाखो रुपयांचे कर्ज घेऊन. भाऊंनी दप्तर पुढे ठेवून जाब विचारिला. जिंकलेल्या मुलुखाचा वसूल कोठे, आणि वसूल नाही तर ठाणी कशाच्या बळावर टिकणार, हा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर निघाले नाही, फक्त मने कडू झाली. पुढे उत्तरेचा प्रसंग ओढवला तेव्हा तो भार ज्याने प्रश्न विचारिला त्याच्याच शिरावर आला.

तत्पूर्वी भाऊंच्या आयुष्यातले सर्वांत उज्ज्वल पान लिहिले गेले. सन १७६० च्या फेब्रुवारी महिन्यात उदगीरच्या लढाईत त्यांनी निजामास कोंडीत धरिले. दौलताबाद, बऱ्हाणपूर, विजापूर, अशेरी अशी नामांकित स्थळे आणि साठ लक्षांच्या आसपास उत्पन्नाचा मुलूख पदरात पडला. हे यश गनिमी काव्याचे नव्हते. इब्राहिमखान गारदी याची कवायती पलटणे व तोफखाना ह्यांच्या जोरावर ते मिळाले. फ्रेंचांच्या पद्धतीने शिकविलेले शिपाई व शिस्तीने डागलेल्या तोफा ह्यांचे महत्त्व ज्या थोड्या मराठी पुरुषांनी त्या काळी ओळखिले त्यांत भाऊ अग्रगण्य होते. जो आपल्या जुन्या विद्येस कवटाळून बसत नाही आणि परक्याची उपयुक्त विद्या शिकण्यास लाजत नाही, त्यास आम्ही सुधारक म्हणतो. त्या अर्थाने भाऊ सुधारक होते.

परंतु उदगीरच्या आनंदात असतानाच उत्तरेतून दुःखद वार्ता आली. १० जानेवारी १७६० रोजी यमुनेच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले होते. काबूलचा बादशहा अहमदशहा अब्दाली हिंदुस्थानात उतरला होता व नजीबखान रोहिला त्यास सर्व साह्य करीत होता. हाच नजीबखान सन १७५७ मध्ये दिल्लीत मराठ्यांच्या हाती सापडला असता मल्हारराव होळकरांच्या भिडेने सुटला होता, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. उत्तरेस कोणी जावे हा विचार परतूर येथील छावणीत झाला आणि उदगीरचा विजयी सेनापती म्हणून भाऊंची निवड झाली. पेशव्यांचे सतरा-अठरा वर्षांचे पुत्र विश्वासराव नावाचे मुख्य म्हणून सोबत दिले. १४ मार्च १७६० रोजी भाऊ निघाले. उत्तरेच्या राजकारणाची, तेथील नद्यांची, तेथील माणसांच्या स्वभावाची त्यांस प्रत्यक्ष ओळख नव्हती. ज्यांस ती होती त्यांचा भाऊंवर विश्वास नव्हता व भाऊंचा त्यांजवर.

आता खर्चाच्या बाजूस काय पडत गेले ते पाहू. पहिली रक्कम म्हणजे बुणगे. लढणाऱ्या माणसांपेक्षा न लढणाऱ्यांची संख्या फार मोठी झाली होती. सरदारांचे कुटुंबकबिले, दासदासी, बाजारबुणगे, आणि फौजेच्या आश्रयाने काशी, प्रयाग, मथुरा पाहून घेऊ म्हणून निघालेले यात्रेकरू. भाऊंसोबत पार्वतीबाईही होत्या. चुलीवर हात शेकणाऱ्या प्रत्येक माणसामागे शेर-पायली धान्य, प्रत्येक जनावरामागे वैरण, आणि त्या साऱ्यांच्या रक्षणास वेगळी पथके लागत. भरतपूरच्या सूरजमल जाटाने सांगितले की बायकामुले व अवजड सामान मागे ठेवावे, आणि सड्या फौजेने शत्रूची रसद मारावी. होळकरांचाही कल तिकडेच होता. भाऊंनी तो सल्ला मानिला नाही. गारद्यांच्या तोफा मागे ठेवून लढावयाचे तर उदगीरचे शहाणपणच टाकून द्यावे लागले असते, एवढा त्यांचा पक्ष खरा होता. पण तोफांबरोबर बायकामुले व यात्रेकरूही नेलेच पाहिजेत असे त्यातून निघत नाही. एका बरोबर गोष्टीच्या आडोशाने दुसरी चुकीची गोष्ट खपली ती अशी.

दुसरी रक्कम म्हणजे पैसा. ऑगस्टच्या आरंभी दिल्ली हाती आली. पण दिल्लीत वसूल नव्हता, आसपासचा मुलूख वर्षानुवर्षे लुटला गेलेला. फौजेचा पगार तुंबला तेव्हा दिवाण-इ-खासाच्या छताची चांदी काढून नाणी पाडावी लागली. त्यातून सुमारे ९ लक्ष रुपये निघाले. महिन्याभराची सोय झाली, परंतु जुन्या बादशाही वैभवास हात लागल्याने पुष्कळांची मने दुखावली. छप्पर विकून जो चूल पेटवितो त्याची पत बाजारात किती दिवस राहावी, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

तिसरी व सर्वांत मोठी रक्कम म्हणजे गमावलेले मित्र. अयोध्येचा सुजाउद्दौला जुलैतच अब्दालीस मिळाला. सूरजमल दिल्लीतून रुसून निघून गेला. रजपूत राजे घरी बसून राहिले. हा सारा दोष भाऊंचा म्हणणे अन्याय होईल. जयपूरच्या वारशाच्या भांडणात पैशाच्या लोभाने कधी एका भावाची व कधी दुसऱ्याची बाजू घेऊन मराठी सरदारांनी रजपुतांचा विश्वास दहा-पंधरा वर्षे आधीच घालविला होता. चौथाई उकळताना ज्यांच्या सुखदुःखाची कधी विचारपूस केली नाही, ते संकटकाळी धावून येतील ही अपेक्षाच चुकीची होती. जुने देणे दुसऱ्यांचे. वसुलीचा तगादा मात्र भाऊंच्या दारी आला.

ऑक्टोबरच्या १७ तारखेस भाऊंनी यमुनेच्या काठचे कुंजपुरा हे ठाणे घेतले. तेथे अब्दालीसाठी भरून ठेवलेला धान्याचा मोठा साठा मिळाला, सैन्यास महिन्यांनंतर पोटभर अन्न मिळाले आणि दसरा थाटात झाला. तेथून कुरुक्षेत्राची वाट धरिली असता बातमी आली की, २५ व २६ ऑक्टोबरच्या सुमारास अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून अलीकडे आला. पावसाळ्यानंतर फुगलेली नदी कोणी उतरणार नाही अशा समजुतीने उतारांवर पुरेशी नजर ठेविली नव्हती. एका रात्रीत मांडणी उलटली. दिल्ली, दक्षिण आणि पुणे ह्यांचा रस्ता शत्रूच्या पाठीमागे राहिला. मराठी फौज पानिपत गावाशी खंदक खणून तोफांच्या आड बसली.

नोव्हेंबर व डिसेंबर दोन्ही महिने ही छावणी भुकेशी लढली. आरंभी चकमकींत मराठ्यांचाच जोर होता. पण ७ डिसेंबर रोजी बळवंतराव मेहेंदळे पडले. त्याच महिन्यात अंतर्वेदीतून रसद मारणारे व पैसा पाठविणारे वृद्ध गोविंदपंत बुंदेले मारले गेले. पुण्याशी पत्रव्यवहार तुटला. घोडी वैरणीवाचून मरू लागली, माणसे झाडपाला खाऊ लागली. कागदावर लक्षावधींचा हिशेब बिनचूक ठेवणाऱ्या कारभाऱ्यास अखेर मूठभर धान्याचा हिशेब जुळेना. सन १८१२ मध्ये युरोप पादाक्रांत करणारा नेपोलियन मॉस्कोस गेला तेव्हा त्याचेही हेच झाले. घरापासून दूर गेलेल्या फौजेस तलवारीआधी रिकामे पोट मारते. तेथे वीर व भ्याड हा भेद उरत नाही.

उपाशी मरण्यापेक्षा लढून वाट काढावी असा निर्णय झाला. १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. सकाळी फौज गोलाची रचना करून बाहेर पडली. डाव्या बाजूस इब्राहिमखानाच्या गारद्यांनी रोहिल्यांची दाणादाण उडविली. मध्यभागी भाऊंच्या हुजुरातीने वजीर शहावलीखानाची फळी फोडिली. दुपारपर्यंत पारडे मराठ्यांकडे झुकत होते. पण कवायती पलटणीच्या पाठीशी धीराने उभे राहावे ही नवी शिस्त जुन्या घोडदळाच्या अंगी भिनली नव्हती. काही पथके उतावीळपणे पुढे धावली, रचना विसकटली आणि आपल्याच तोफांस मारा करण्यास जागा राहिली नाही. अब्दालीने ताजे राखीव सैन्य शेवटपर्यंत हाताशी ठेविले होते. ते व उंटांवरचे जंबुरे त्याने नेमक्या वेळी पुढे लोटले. भाऊंजवळ राखीव असे काही नव्हते. विश्वासरावांस गोळी लागली. ते पडलेले पाहून भाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले व गर्दीत शिरले. हत्तीवर सेनापती दिसेनासा झाला तसा फौजेचा धीर सुटला. होळकरांसह काही सरदार आपली पथके घेऊन रणातून निघाले. संध्याकाळी अफाट कत्तल झाली. भाऊ परत आले नाहीत. त्यांचे शिरावेगळे धड पुढे शोधून ओळखले गेले व सुजाउद्दौल्याच्या पदरच्या हिंदू कारभाऱ्यांनी त्यास अग्नी दिला. वय अवघे ३० वर्षांचे होते.

त्या दिवशी जात व धर्म ह्यांनी माणसांची किंमत ठरली नाही, हेही नमूद केले पाहिजे. इब्राहिमखान गारद्यास पक्ष बदलण्याची संधी होती. त्याने खाल्ल्या मिठास जागून अखेरपर्यंत झुंज दिली व शत्रूच्या हाती सापडल्यावर छळाने प्राण गमाविला. मस्तानीचे पुत्र समशेरबहाद्दर, ज्यांस पुण्याच्या भिक्षुकशाहीने बाजीरावांचे पुत्र असूनही मुंज नाकारिली होती, ते जबर जखमी होऊन थोड्याच दिवसांत वारले. आणि ज्या सूरजमलाचा सल्ला मानिला नव्हता त्यानेच उपाशी, उघड्या, जखमी पळणाऱ्यांस अन्नवस्त्र व औषध दिले. ज्यांस आपण परके म्हटले त्यांनी आपलेपण राखिले. आपल्यातले कित्येक वेळेवर परके झाले.

ही बातमी नानासाहेबांस उत्तरेकडे येत असता वाटेत मिळाली, आणि ती आणिली एका सावकारी पत्राने. मोती, मोहोरा व खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेत, जणु एखाद्या पेढीचे नुकसान कळवावे तसे, त्यात माणसांचे नुकसान कळविले होते. पेशव्यांनी अंथरूण धरिले, आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचा अंत झाला. व्यापाऱ्याच्या पत्राने जे कळविले ते मुत्सद्द्यांनी कधी खतावून पाहिले नाही, ही आमची तक्रार आहे. धाकट्या माधवरावांनी दहा वर्षांत राज्य सावरिले. परंतु फौजेस शिस्त, सरदारांस एक हुकूम, मित्रांस विश्वास आणि मोहिमेस आधी रसद, हे चार धडे राज्याच्या अंगी मुरले नाहीत. म्हणून पुढे सन १८०३ मध्ये व १८१८ मध्ये तीच खाती पुन्हा बुडाली.

ह्याउलट लोकांनी काय केले ते पाहावयास कोकणाबाहेर जाण्याचे कारण नाही. भाऊ मेले हेच पुष्कळांनी मानिले नाही. थोड्याच वर्षांत एक कनोजी ब्राह्मण आपणच भाऊसाहेब म्हणून पुढे आला. माधवरावांनी चौकशी करून तो तोतया ठरविला व कैदेत टाकिला. पण सन १७७५-७६ मध्ये रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्यास सोडून दिले, आणि पाहता पाहता कोकणातले किल्ल्यामागून किल्ले त्याच्या स्वाधीन झाले. हजारो लोक त्याच्या पायाशी आले. पंधरा वर्षांत मुद्रा, वाणी, हस्ताक्षर, आठवणी यांची खूण पटवून घ्यावी असे ज्यांस सुचले ते थोडे. सरकारी फौजांनी त्याचा मोड केल्यावर तो समुद्रमार्गे मुंबईकडे पळत असता कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांनी ह्याच आमच्या किनाऱ्यावर त्यास पकडिले, व डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यास त्यास देहान्त शासन झाले. खरा भाऊ गमाविला तेव्हा कारणे शोधावयाची ती न शोधता आम्ही खोटा भाऊ जवळ केला. पराभव पचविण्यास धैर्य लागते. चमत्काराची वाट पाहण्यास काहीच लागत नाही.

ह्या सर्व काळात पार्वतीबाई कोठे होत्या? पानिपताच्या गर्दीतून त्या थोड्या विश्वासू माणसांच्या आधाराने जीव वाचवून निघाल्या व दक्षिणेत परतल्या. पतीचा देह त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत. बावीस वर्षे एक स्त्री सधवा व विधवा यांच्यामध्ये उभी राहिली. पेशव्यांच्या घरची म्हणून समाजाने तिचा हा निश्चय चालू दिला. सामान्य घरच्या ज्या सहस्रावधी बायकांचे नवरे त्याच रणात बेपत्ता झाले त्यांच्या केसांस व कुंकवास अशी मुदत कोणी दिली असेल असे आम्हांस वाटत नाही. पार्वतीबाई नुसत्या वाट पाहत बसल्या नाहीत. नारायणरावांच्या वधानंतर सन १७७४ च्या जानेवारीत गरोदर गंगाबाईंस पुरंदरावर नेऊन सुरक्षित ठेविले त्या वेळी पार्वतीबाई सोबत होत्या, आणि सवाई माधवरावांचा जन्म त्या गडावर झाला. सन १७८३ मध्ये त्यांचा काळ झाला. एका पराभवाच्या ओझ्याखाली राहूनही राज्याच्या उपयोगी पडणारी ही पेणची कन्या तिच्या पतीइतकीच स्मरणास पात्र आहे.

आता बेरीज करू. जमेच्या बाजूस : शौर्य, स्वच्छ हात, हिशेबी बुद्धी, नवी विद्या घेण्याची तयारी, आणि पडण्याची वेळ आली तेव्हा पाठ न दाखविणे. नावेच्या बाजूस : मानी स्वभाव, अनुभवी माणसांच्या सल्ल्याचा तिटकारा, बुणग्यांचा लोंढा परत लावण्यास लागणारा कठोरपणा नसणे, नदीच्या उतारांकडे दुर्लक्ष. ह्या रकमा भाऊंच्या नावे पडतात व त्या आम्ही पुसू इच्छीत नाही. परंतु नजीबखानास सोडणे, रजपुतांस दुखविणे, कर्जावर मोहिमा काढणे आणि घरच्या घरात एकमेकांस पाण्यात पाहणे ह्या रकमा त्यांच्या नाहीत. त्या साऱ्या मंडळीच्या भागीदारीतल्या आहेत. भागीदार सुटले आणि एकट्याच्या नावावर दिवाळे निघाले.

आमच्या गावातल्या मिठागरवाल्यांस आणि भाताच्या व्यापाऱ्यांस आम्ही काय सांगावे? दर दिवाळीस जुन्या वह्या बंद करताना बुडीत रक्कमही आपण शाईने लिहितो, ती का बुडाली ते मुलास समजावून देतो, आणि मगच नवी वही पुजतो. घरची पेढी ज्या शहाणपणाने चालते त्याच शहाणपणाने सहकारी संस्था, नगरपालिका, शाळेची मंडळी व अखेर राष्ट्र चालले पाहिजे. अपयश आले की एकास दोषी धरावे, दुसऱ्यास देव करावे आणि तिसऱ्या तोतयाच्या मागे धावावे, ही रीत सोडावी. पेणच्या ह्या जावयाचे तेच खरे श्राद्ध होईल.